दादाच्या गाडीतली काजळी

१७ मार्च १९९६, रविवार
सकाळी कपडे धुतले. साडेनऊच्या एस.टी.ने सोनईला. घोडेगावपर्यंत उभा. वहिनींना भेटलो. परवा दादाला जाऊन चार महिने होतील. नगरचे घर सोडल्यापासून वहिनी आणि प्रेरणा अशोककडेच राहतात. अशोक वहिनींचा धाकटा भाऊ. प्रेरणाची नववीची परीक्षा जवळ आली आहे, तिला गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका दिल्या.

गाडी अंगणात होती. दादाची पांढरी डिझेल गाडी. अशोकने धुऊन पुसून लख्ख ठेवली आहे. म्हणाला, "पाव्हनं, दाजींनी काय करामत करून ठिवलीय. डिझेलची गाडी आन् धूर न्हाई. मागं धुतलेलं धोतर धरा, डाग पडायचा न्हाई." शनिवारी फाट्यावरून देवळापर्यंत भाविकांच्या खेपा करतो. एरवी शेतापर्यंत.

घाटात नेली होती का, विचारले.

"कशाला? दाजींची आठवन हाय ती. मी तिसाच्या वर काटा जाऊ देत न्हाई."

तिथेच बोलायला हवे होते. वहिनी भाकरी वाढत होत्या.

१९ मार्च, मंगळवार
चार महिने. रजा घेतली नाही. प्रयोगशाळेत तराजूच्या काचा पुसल्या. ह्याच तराजूवर दादा रविवारी वड्या आणून ठेवायचा, एकेक करून बाराही. मी वजन सांगायचो, तो वहीत लिहायचा. कॉलेज बंद असायचे, शिपाई ओळखीचा.

वड्या म्हणजे त्याच्या फाउंड्रीतल्या. चिनीमातीच्या, स्पंजासारखी भोके असलेल्या. वितळलेले लोखंड गाळायला वापरतात. दादाने त्या डब्यात बसवून डबा सायलेन्सरच्या जागी लावला. धूर त्यातून जातो, काजळी आत अडकते. दर दुसऱ्या रविवारी गाडी इमामपूर घाटात न्यायची. डिकीत वाळूची पोती, दुसरा गिअर, पाय पूर्ण दाबून. डबा तापला की साठलेली काजळी आतल्या आत जळून जाते, वड्या मोकळ्या. तापल्या लोखंडाचा वास यायचा. दादा म्हणायचा, "झालं पोट साफ."

शेवटचा घाट २९ ऑक्टोबरला. त्यानंतर तो आजारीच. त्यानंतर नाही.

दादाच्या जलदान विधीच्या दिवशी वहिनींनी किल्ली अशोकच्या हातात दिली तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्या वेळी हे सांगणे बरे दिसले नसते.

२१ मार्च, गुरुवार
अशोकला पत्र लिहिले. दोनदा फाडून तिसऱ्यांदा. सोप्या शब्दांत: काजळी साठली असेल, एकदा गाडीत वजन भरून घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढवा, वर गेल्यावर वीस मिनिटे गवतापासून लांब उभी करा. पेटीत टाकले. हलके वाटले.

२८ मार्च, गुरुवार
उत्तर नाही. पोस्टात उशीर होत असेल.

३१ मार्च, रविवार
वहिनींनी दादाच्या सामानाची एक पेटी माझ्याकडे ठेवली आहे. आज उघडली. वही सापडली. वजने, तारखा, किलोमीटर, सगळे. अक्षर त्याचेच, उजवीकडे झुकलेले.

वाचता वाचता मागच्या बाजूच्या पानावर:

"एकूण काजळी २५ ग्रॅमच्या आत असताना घाट. ४० च्या वर गेल्यास घाट करू नये. एकदम पेट घेते, मग गाडी थांबवली तरी आत जळत राहते. वड्या काढून बाहेर भट्टीत जाळाव्यात." खाली: "मागे एकदा ५२ झाले होते. डबा लाल. दोन वड्या वितळल्या. सीटखालचा रंग गेला. सीट भिजवून वाचवली."

हे मला कधी बोलला नव्हता. की बोलला होता आणि मी लक्ष दिले नाही.

हिशोब केला. गावात हळू चालवताना शंभर कि.मी.ला किती साठते ते वहीत आहे. पाच महिने, शनिवारच्या खेपा, शेताच्या चकरा. कमीत कमी धरले तरी साठ ग्रॅम.

आणि मी पत्रात लिहिले आहे की घाटात न्या. वजन भरून.

१ एप्रिल, सोमवार
सकाळीच एस.टी.डी. बूथ. अशोकच्या घरासमोरच्या दुकानात फोन आहे. दुकानदाराने घेतला. अशोक शेतावर गेलेला. निरोप दिला, गाडी घाटात नेऊ नका म्हणून सांगा, काही झाले तरी नेऊ नका.

तो हसायला लागला. "कोन बोलतंय? आज एक तारीख हाय, म्हाईत हाय आमाला. सकाळपासून तिसरा फोन."

नाव सांगितले. दादाचा भाऊ म्हटल्यावर हसू थांबले. पण निरोप देईल की नाही, त्याच्या आवाजावरून कळेना. चहा घेतला नाही. वर्गात मुलांनी विचारलेले ऐकू आले नाही.

२ एप्रिल, मंगळवार
अर्धी रजा. सोनई. गाडी अंगणात दिसली तेव्हा बसस्टँडपासून प्रथम नीट श्वास घेतला.

निरोप पोचला नव्हता. पत्र पोचले होते. प्रेरणाने सगळ्यांना वाचून दाखवले.

अशोक खुशीत. "तुमी लिवलं ते बराबर हाय. पन मुद्दाम डिझेल जाळून कशाला जायचं? पाच मेला सुजाताचं लगीन हाय नगरला. घाट चढायचाच हाय. गाडीत सात-आट मानसं, मागं रुखवताचं सामान. वजन बी भरल, दाजींचं काम बी हुईल. येका खेपंत दोन कामं."

सुजाता त्याची मुलगी. ती तिथेच चुलीपुढे बसली होती. लग्नाचा विषय निघाला म्हणून लाजून उठून गेली.

मी म्हणालो, आता घाटात नेऊन चालणार नाही, वेळ गेली. डबा काढून वड्या बाहेर काढल्या पाहिजेत. पत्रात चूक झाली. मला नीट सांगता येईना. वही दाखवली. अशोकची बायको कमल म्हणाली, "आदी म्हनायचं न्या, मंग म्हनायचं नगा. चार महिनं गाडी दिसली न्हाई भाऊजींना. लगीन ठरल्यावर बरी नजरंत भरली."

अशोक म्हणाला, "ए, गप." पण तिला पुरते गप केले नाही. मग मला, नजर चुकवून: "वाटा पायजे आसल तर तसं बोला पाव्हनं. आडून नगा बोलू."

म्हणालो, मला गाडी चालवताही येत नाही.

मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, डबा काढू नका. गाडी उद्या विकली तरी माझं काही नाही. पण त्यांच्या हातचं चालतं असं एवढंच राहिलंय. घड्याळ बंद पडलं, चष्मा मी पेटीत घातला. हे चालतंय तर चालू द्या."

वही पिशवीत घातली. परत आलो. घाटात एस.टी.च्या खिडकीतून दरीकडे बघितले नाही.

७ एप्रिल, रविवार
आठवडाभर रोज तेच. कागदावर मांडले: (१) वहिनींना सरळ सांगणे, ह्यात माणसे होरपळतील. (२) अशोकला एकट्याला गाठणे. (३) काहीच न करणे. लग्नाचे वऱ्हाड दुसऱ्या गाडीने जाईल अशी आशा.

पहिले जमणार नाही. होरपळतील हा शब्द मी वहिनींसमोर, दादाच्या वस्तूबद्दल—

तिसरे लिहिल्याची लाज वाटली. खोडले.

१४ एप्रिल, रविवार
जयंती. दरवर्षी नगरच्या मिरवणुकीत असतो, यंदा सोनईला गेलो. गाडी सजवली होती. झेंडूच्या माळा, निळे झेंडे, बॉनेटवर बाबासाहेबांचा फोटो. पांढरी गाडी, धूर नाही, फोटो काळा होत नाही, म्हणून सगळ्या वस्तीने हीच गाडी पसंत केली. अशोकची छाती फुगलेली.

पाच वाजल्यापासून आठपर्यंत गाडी माणसाच्या चालीने. मधेच अर्धा अर्धा तास उभी, इंजिन चालू. दादाच्या वहीत लिहिले आहे की अशा चालीने सर्वांत जास्त साठते.

मी गाडीच्या मागेच राहिलो. मधे मधे धुराच्या नळीच्या तोंडाशी हात नेऊन बघितला. वारा फारच कमी येत होता. पोरे बघत होती. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "दिनकरराव, मागं मागं काय चालता? पुडं या की, लेझीम बगा." दुसरे कोणीतरी त्यांना म्हणाले, "असू द्या, भावाची गाडी हाय." त्यांनी मान हलवली. मला वाईट वाटले, कारण मी भावाची आठवण काढत नव्हतो. नळीचा वास घेत होतो.

वहिनी आज, दादा गेल्यापासून पहिल्यांदा, पांढरी चांगली साडी नेसल्या. गाडीला हात लावून थोड्या चालल्या.

१६ एप्रिल, मंगळवार
मिरवणुकीचे धरून पुन्हा हिशोब. पंच्याहत्तर ते नव्वद. लग्नाला एकोणीस दिवस.

मनात आले, जाऊन कोणाला न सांगता डब्याला खालून भोक पाडावे. धूर बाहेरून जाईल. मग आठवले, त्या डब्याचा सांधा नीट बसावा म्हणून दादा तीन रविवार वेल्डिंगवाल्याकडे बसला होता.

१८ एप्रिल, गुरुवार
प्रेरणाचे पत्र. पेपर बरे गेले. भूमितीत एक प्रमेय राहिले. शेवटी: "काका, मामा म्हणतो गाडी आता ओढत नाही. चढाला थांबते. तुम्ही आलात तर बरं होईल, पण मामी असताना गाडीचं बोलू नका."

रविवारी जाणार.

२१ एप्रिल, रविवार
सोनई. घरी न थांबता सरळ शेतावर गेलो, अशोक तिथे असेल म्हणून. ऊस तुटून गेलेला. सगळीकडे पाचट पसरलेले, पायाखाली करकर. गाडी पाचटावरच उभी. अशोक हल्ली रविवारीही खेपा करतो; नुकताच फाट्यावरून दोन टाकून आला होता, गाडी सावलीला लावून विहिरीकडे निघाला होता.

मला बघून थांबला. "आता हितं बी आला का?" रागाने नाही, दमलेल्या आवाजात. "गाडीत जीवच न्हाई राह्यला पाव्हनं. सा मानसं बसली तर रडती."

बोलत असतानाच मला वास आला. पाचट जळाल्याचा. मी गुडघ्यावर बसून खाली बघितले. तापलेल्या डब्याला पाचट टेकले होते. कडेचे तपकिरी झाले होते आणि मधे एका ठिकाणी बारीक धूर. ज्वाळा नव्हती. अजून नव्हती.

अशोकचा दंड धरला, खाली दाखवले. तो बघून म्हणाला, "ढकला."

दोघांनी गाडी ढकलून बांधावर नेली. त्याने विहिरीवरून दोन घागरी आणून पाचट विझवले. डब्यावर पाणी टाकू लागला तेव्हा मी अडवले. वड्या तडकतील म्हणून. त्याही वेळी मला वड्यांची काळजी. नंतर त्याचे आश्चर्य वाटले.

शेजारच्या पट्टीत पाचट सलग. तिकडे कडब्याची गंज. त्याच्या पलीकडे घरे. अशोक तिकडेच बघत होता.

बांधावर बसलो. मग तो म्हणाला, "म्या तुमाला वाट्याचं बोललो."

म्हणालो, राहू द्या.

"पोरगी बसनार हुती ओ मागं. नवरी."

गुरुवारी वहिनी दाखल्यासाठी नेवाशाला जाणार आहेत. त्या दिवशी घोडेगावला बाबूभाईच्या गॅरेजमध्ये काढायचे ठरले. उठताना अशोक म्हणाला, "आक्काला नगा सांगू. लगीन हुस्तोवर तरी. डबा बाहेरून हाय तसाच दिसू द्या."

हो म्हणालो.

२५ एप्रिल, गुरुवार
रजा. घोडेगाव. बाबूभाई डब्याची एक बाजू कापेपर्यंत मी बाहेर रस्त्यावर उभा. कापल्यावर त्याने हाक मारली. "मास्तर, या. ह्ये काय भरून ठेवलंय? तवा घासला न्हाई का वर्षभर?"

अशोक हसला. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी. आत बोटभर जाड मऊ काळे. वड्यांची भोके दिसतच नव्हती. वर्तमानपत्रात एकेक वडी गुंडाळली, फुंकर लागू नये म्हणून श्वास धरून. बाराही निघाल्या. दोन तडकलेल्या.

बाबूभाईने रिकामा डबा पुन्हा जोडला. वरून रंग मारला. ओळखू येत नाही. विचारले, "कोनी बनवलं? डोकं चांगलं हुतं." अशोक म्हणाला, "आमच्या दाजींनी."

गाडी सुरू केली. पहिल्याच दाबाला मागच्या भिंतीवर काळा फराटा. अशोकने पाय उचलला. पुन्हा दाबला. गाडी लगेच उचलत होती. तो म्हणाला, "आता कशी पळती बगा." आणि भिंतीवरच्या फराट्याकडे बघून पाय उचलला.

सोनईपर्यंत मी सोबत गेलो नाही. फाट्यावरून एस.टी. धरली. पिशवी मांडीवर.

२७ एप्रिल, शनिवार
दुपारी प्रयोगशाळेत कोणी नव्हते. एकेक वडी तराजूवर ठेवली. वहीतले मोकळे वजन वजा केले. बेरीज ८३.

दादाच्या वहीत पुढच्या ओळीवर तारीख टाकायला पेन घेतले. टाकली नाही. माझ्या अक्षरात त्या पानावर काही बरे दिसले नसते. ८३ इथेच लिहून ठेवतो.

वड्या प्रयोगशाळेच्या खालच्या कपाटात, भिंगांच्या मागे.

५ मे, रविवार
सुजाताचे लग्न. रात्री सोनईला मुक्काम, पहाटेच निघालो, मी पुढे अशोकशेजारी. मागे नवरी, वहिनी, प्रेरणा, कमल, मांडीवर दोन पोरे. रुखवत डिकीत आणि वर.

पांढरीपूल गावापर्यंत ठीक. घाट लागला. दुसरा गिअर. मला माहीत होते डब्यात काही नाही. माझ्या हाताने काढले होते. तरी हात दाराच्या मुठीवर होता आणि घाम आला. अशोकलाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितले.

प्रेरणा मागच्या काचेतून बघत म्हणाली, "काका, केवढं काळं. मागच्या जीपवाल्याने तोंडाला रुमाल बांधला."

अशोक म्हणाला, "गाडी भरलीया ना पोरी."

वहिनींनी वळून बघितले नाही. सुजाताच्या डोक्यावरचा पदर नीट करत होत्या.

लग्न वेळेवर लागले. जेवणे चांगली झाली. मी पत्रावळी उचलत असताना वहिनी जवळ आल्या. "भाऊजी, घाट दुसऱ्या गिअरमध्येच चढलो ना आपण?"

हो म्हणालो.

"मीही जायचे त्यांच्याबरोबर कधीकधी. वर पोचलं की वास यायचा. तव्यासारखा. आज आला नाही."

मी पाण्याच्या पिंपाकडे बोट दाखवले, पंगतीला पाणी हवे आहे असे काहीतरी पुटपुटून गेलो. वळून बघितले तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या, नवरदेवाकडच्या बायकांशी बोलत.

८ मे, बुधवार
प्रेरणाचे कार्ड. "आई आणि मी रविवारी तुमच्याकडे येत आहोत. आई म्हणते काम आहे. काय ते सांगत नाही. मामानेही विचारलं, त्यालाही नाही सांगितलं. गाडीने नाही, एस.टी.ने येऊ."

कार्ड तीन वेळा वाचले. एस.टी.ने.

९ मे, गुरुवार
अशोकचा फोन कॉलेजच्या ऑफिसात. आवाज बारीक. "आक्कानं काय इचारलं का तुमाला? मला तर गाडीच्या खाली वाकून बगताना दिसली. काय सांगायचं?"

म्हणालो, माहीत नाही.

"तुमी शिकलेलं हाय. तुमीच सांगा काय ते. पन पाचटाचं सांगू नगा. ती हाय खाईल."

पाचटाचे सांगितले नाही तर डबा का रिकामा केला ते कसे सांगणार. आणि सांगितले तर, दादाने केलेली वस्तू—

दादाने बरोबर केली होती. चूक आमची. हे एवढे वाक्य त्यांना पटले पाहिजे. ते मला बोलता आले पाहिजे.

११ मे, शनिवार
सुटीतही कॉलेज उघडे होते. वड्या कपाटातून काढून घरी आणल्या. बिस्किटांच्या डब्यात मावल्या. डबा टेबलावर ठेवला. मग टेबलाखाली. मग पुन्हा टेबलावर.

आरशासमोर नाही, पण खिडकीशी उभे राहून मनात म्हणून बघितले. वहिनी, बसा. वहिनी, तुम्हाला एक सांगायचे राहिले. वहिनी, दोन एप्रिलला तुम्ही म्हणालात ते मी ऐकले होते, पण—

पुढचे येत नाही. उद्या येईल की नाही, सांगता येत नाही. आधी बसायला सांगावे की डबा द्यावा, तेही ठरत नाही.

खोली झाडली. एकच खुर्ची आहे, शेजारून दुसरी मागून आणली. दुपारी मटकी निवडली आणि भिजत घातली. तिघांपुरती.